नकाशावरचा अर्धा मिलिमीटर

एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढली आणि ती अर्धा मिलिमीटर जाड आली, तर जमिनीवर तिची रुंदी पंचवीस मीटर भरते. त्यात एक घर, पुढचं अंगण आणि मागची दोन झाडं सहज मावतात. पेन्सिल जराशी हलली तर शेजारचं घर. विजेच्या अतिउच्चदाब वाहिनीचा मार्ग पहिल्यांदा आखला जातो तो अशाच एखाद्या नकाशावर, हल्ली संगणकाच्या पडद्यावर. त्या घरातल्या माणसांना तो समजतो तेव्हा बहुधा सर्वेक्षण उरकलेलं असतं आणि टॉवरच्या जागी खुंट्या ठोकलेल्या असतात. मग सुनावणी होते. लोक कॅन्सरबद्दल बोलतात, अधिकारी देशाच्या गरजेबद्दल बोलतात, आणि रेघ होती तिथेच राहते.

या वादात दोन्ही बाजू चुकीच्या जागी जोर लावतात, असं माझं मत आहे. वाहिनीशेजारी राहण्याचं खरं नुकसान कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ते बोललं जात नाही. आणि ते टाळता येण्याची जी एकच वेळ असते, त्या वेळी कुणाला विचारलेलंच नसतं.

वाहिनी लागणारच, हे आधी मान्य करून टाकू. वारा समुद्रावर आणि पठारांवर, ऊन वाळवंटात, धरणं डोंगरात आणि माणसं शहरांत, अशी वाटणी झाल्यावर वीज वाहून न्यावीच लागते. ती अतिउच्च दाबानेच का, तर तारेत उष्णतेपायी होणारा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेवढीच वीज दुप्पट दाबाने पाठवली की प्रवाह निम्मा होतो आणि नाश चौथाईवर येतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ साली हिशेब मांडला, की देशांनी स्वतःच जाहीर केलेली हवामानाची उद्दिष्टं गाठायची तर २०४० पर्यंत ८ कोटी किलोमीटर तारा नव्याने टाकाव्या किंवा बदलाव्या लागतील. त्यात गल्लीतल्या खांबांपासून सगळं आलं, पण तरीही हे म्हणजे जगातलं आजचं अख्खं जाळं पुन्हा एकदा उभारणं झालं. त्याच अहवालानुसार सुमारे १,५०० गिगावॅटचे अक्षय ऊर्जेचे प्रकल्प तयारीच्या पुढच्या टप्प्यात येऊनही जोडणीच्या रांगेत उभे होते. कोळसा नको आणि वाहिनीही नको, हे एकाच तोंडाने म्हणता येत नाही.

आता कॅन्सर. या भीतीचा उगम नेमका सांगता येतो. १९७९ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी कॅन्सरने गेलेल्या मुलांची घरं तपासली. घराबाहेरच्या तारा किती जाड, किती जवळ, एवढंच पाहून त्यांनी घरांची वर्गवारी केली आणि जास्त प्रवाहाच्या तारांजवळ रुग्ण जास्त असल्याचं मांडलं. त्यानंतर दोन दशकं जगभर मोजमापं झाली. २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा निष्कर्ष असा निघाला, की घरातलं सरासरी चुंबकीय क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाच्या (हे अशा क्षेत्राचं एकक) वर असेल तर मुलांमधल्या ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, प्रमाण साधारण दुप्पट दिसतं. मात्र इतकं क्षेत्र असलेल्या घरांत राहणारी मुलं शंभरात एकही भरत नव्हती. मुळात दुर्मीळ असलेल्या रोगाचं हे दुप्पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली या क्षेत्रांना 'कदाचित कर्करोगकारक' अशा २ब गटात टाकलं. पोस्टरवर हा गट फार भयानक दिसतो. त्याच गटात १९९१ पासून २०१६ पर्यंत कॉफी होती.

सगळ्यात बोलका पुरावा इंग्लंडचा आहे. तिथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात जन्माच्या वेळी वाहिनीपासून दोनशे मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांत ल्युकेमिया जास्त आढळला. पण तो सहाशे मीटरपर्यंतही थोडा जास्त होता, आणि तेवढ्या अंतरावर वाहिनीचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ उरतच नाही. पुढे २०१४ साली हीच माहिती दशकांनुसार लावून पाहिली तेव्हा जोखीम साठ-सत्तरच्या दशकांत दिसली आणि नंतर विरत गेली. तारा त्याच होत्या. चुंबकत्वाचे नियम दशक पाहून बदलत नाहीत. तेव्हा वाहिनीजवळच्या वस्तीत त्या काळी दुसरंच काहीतरी असलं पाहिजे.

तरीही लोकांना मूर्ख ठरवण्याचं कारण नाही. ट्यूबलाइट घेऊन रात्री अतिउच्चदाब वाहिनीखाली उभं राहिलं, तर वायर न जोडताही ती हातात मंद पेटते. २००४ साली इंग्लंडात एका कलाकाराने वाहिनीखालच्या शेतात १,३०१ ट्यूब मातीत रोवून हे दाखवलं होतं. हे ज्याने पाहिलं, त्याला 'काही होत नाही' म्हणून कोण पटवणार? ती पेटते विद्युत क्षेत्रामुळे, आणि विद्युत क्षेत्र घराच्या भिंतीपाशी बरंचसं अडतं; चुंबकीय क्षेत्र भिंतीतून आरपार जातं, पण अंतराबरोबर झपाट्याने घटतं. हा फरक सुनावणीत कुणी सांगत नाही. अधिकारी मीटर काढतो, अंगणात धरतो, दोन-तीन मायक्रोटेस्लाचा आकडा दाखवतो, आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० आहे म्हणून सांगतो आणि फाइल मिटतो. मर्यादा खरी आहे, पण ती तात्काळ परिणामांसाठी आहे, वर्षानुवर्षांच्या वास्तव्यासाठी नाही. लोकांना हा डाव कळत नाही असं नाही. फक्त नेमकं कुठे फसवलं गेलं ते सांगता येत नाही.

नेदरलँड्सने यातून बरा मार्ग काढला. पुरावा कच्चा आहे हे मान्य करूनच तिथल्या सरकारने २००५ मध्ये सल्ला दिला, की ०.४ मायक्रोटेस्लाच्या वरच्या पट्ट्यात नवी घरं, शाळा, पाळणाघरं शक्यतो येऊ देऊ नका, आणि नव्या वाहिनीचा पट्टा अशा जागांवर आणू नका. २०१७ पासून तर थेट तारांखाली सापडलेल्या घरमालकांना, त्यांची इच्छा असेल तर, घर विकत घेण्याची योजना सुरू झाली. भीती खरी की खोटी यावर वीस वर्षं भांडण्यापेक्षा, स्वस्तात टाळता येतं तिथे टाळा, हा हिशेब मला पटतो.

कॅन्सरच्या वादाने खरं नुकसान केलं ते वेगळंच. आरोग्याचा मुद्दा मीटरवर हरला की सगळीच तक्रार हरली असं धरलं जातं. उरतं ते 'गैरसोय' या सदरात जातं.

ही गैरसोय जरा जवळ जाऊन पाहिली पाहिजे. धुक्याची पहाट आहे, तारांवर दवाचे थेंब लोंबताहेत. प्रत्येक थेंबाच्या टोकाशी विद्युत क्षेत्र एकवटतं, भोवतालची हवा क्षणभर फुटते, आणि तडतड ऐकू येते. कढईत काहीतरी सावकाश तळलं जात असल्यासारखी. याला कोरोना म्हणतात, महामारीच्या कितीतरी आधीपासून. तिच्याखाली एक खर्जातला गुंजारव असतो, पन्नास हर्ट्झच्या विजेचा शंभर हर्ट्झचा. एका तारेऐवजी दोन, चार, सहा तारांचा जुडगा लावतात तो थोडा यासाठीही. कोरड्या दुपारी, म्हणजे पाहणी पथक येतं तेव्हा, यातलं बहुतेक काही ऐकू येत नाही. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये माफकच निघते; पण पावसाळी रात्री, बाकी सगळं शांत असताना, उशीजवळ चालू राहणाऱ्या आवाजाला सरासरी डेसिबल लावून काय उपयोग?

दुसरी गोष्ट झोळाची. तीन-चारशे मीटरवरच्या दोन टॉवरमध्ये तार सरळ कधीच नसते. भार वाढला, ऊन तापलं की तार लांबते आणि काही मीटर खाली येते. म्हणून खालच्या पट्ट्यात उंच झाड नको, नवा मजला नको, विहिरीवर उंच यारी नको. हे नियम उगाच केलेले नाहीत. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा सुरुवातीच्या कारणांत ओहायो राज्यातल्या झोळ पडलेल्या तारा न छाटलेल्या झाडांना टेकल्या, हे एक ठळक कारण होतं. नियम बरोबर आहेत. प्रश्न त्यांची किंमत कोण मोजतो हा आहे. जमीन मालकाच्याच नावावर राहते, कर तोच भरतो, पण तिच्यावर काय करायचं नाही याची यादी दुसरा कुणी ठरवतो.

घरांच्या किमतीवर अभ्यास पुष्कळ आहेत आणि त्यांचा सूर साधारण एकच आहे: घट होते, बहुतेकदा दहा टक्क्यांच्या आत, अगदी लगतच्या घरांना जास्त, अंतर वाढेल तशी कमी. कंपन्यांचे वकील हे आकडे आनंदाने वाचून दाखवतात. पण हे आकडे विकल्या गेलेल्या घरांचे असतात. ज्या घराला गिऱ्हाईक येऊन, वर पाहून, चहा न घेताच परत जातं, ते घर तक्त्यात येतच नाही.

पर्यावरणाच्या बाजूने पाहिलं तर जंगलातला पट्टा आधी डोळ्यांत भरतो. ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, वाहिनीला साधारण पन्नास मीटर रुंदी धरली तर दर किलोमीटरला पाच हेक्टर. पण तोड तिथेच थांबत नाही. सलग रानात अशी चीर पडली की दोन्ही कडांनी ऊन आणि वारा आत शिरतो, माती सुकते, वेली आणि परकी झुडपं माजतात. फांद्यांवरून फिरणाऱ्या प्राण्यांच्या वाटा तुटतात. नॉर्वेतले रेनडिअर वाहिन्यांपासून लांब राहतात. २०१४ साली काही संशोधकांनी त्याचं एक विलक्षण कारण सुचवलं: रेनडिअरला अतिनील प्रकाश दिसतो, आणि कोरोनाचे आपल्याला न दिसणारे झगमगाट त्याला काळोखात तारांच्या रांगभर चमकताना दिसत असावेत. अजून तो तर्कच आहे, पण 'जनावरांना सवय होते' असं छातीठोकपणे लिहिणाऱ्यांनी तो वाचायला हरकत नाही.

उलटही घडतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या ईशान्येला आणि मध्य-पश्चिमेला उघडी झुडुपी माळरानं नाहीशी होत गेली, तेव्हा कार्नर ब्लू नावाचं दुर्मीळ निळं फुलपाखरू ज्या जागी टिकलं त्यांत वाहिन्यांखालचे पट्टेही आहेत, कारण तिथे झाडं वाढू दिली जात नाहीत. पट्टा तणनाशकाने साफ करायचा की हाताने छाटायचा, वर्षाच्या कोणत्या महिन्यात छाटायचा, यावर तिथलं जगणं ठरतं. पर्यावरण अहवालात यावर एखादी ओळ तरी असते का, हे पाहण्यासारखं आहे.

पक्ष्यांचं प्रकरण मात्र कडू आहे. पक्षी जाड, जुडग्याच्या तारा पाहतो, वर उचलतो आणि सगळ्यात वर आकाशातल्या विजेपासून संरक्षणासाठी ओढलेल्या बारीक तारेवर आदळतो. माळढोकाला तर तेवढंही जमत नाही. दहा-पंधरा किलोचं धूड, चटकन वळता येत नाही. डोळे दोन्ही बाजूंना, समोर जेमतेम अरुंद फट. २०१० साली माळढोकांच्या आणि करकोचांच्या कुळातल्या पक्ष्यांच्या नजरेचा अभ्यास झाला. उडताना खाली जमीन बघायला मान थोडी झुकवली की ते पुढच्या दिशेने आंधळे होतात, असं त्यात दिसलं. म्हणजे तारेला चमकती चकती लावून उपयोग काय? दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात मोठ्या प्रयोगात अशा खुणांनी निळ्या क्रौंचांच्या धडका ९२ टक्क्यांनी घटल्या, आणि तिथल्या माळढोकांवर काही फरक पडला नाही. भारतात दीडशेच्या आसपासच माळढोक उरल्याचा अंदाज असताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्या प्रदेशातल्या तारा जमिनीखाली घेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. सौरऊर्जेची वाट आणि माळढोकाचं आकाश एकाच जागी आलं होतं. इथे चकत्यांनी भागत नाही. मार्गच बदलायला हवा होता, आणि तो बदलायची वेळ रेघ ओढताना होती.

'मग सगळंच जमिनीखाली घाला' हे उत्तर लगेच येतं. ऐकायला सोपं आहे. अतिउच्चदाब केबलचा चर म्हणजे टेलिफोनच्या केबलची नाली नव्हे. बांधकामाच्या वेळी त्याचा पट्टा हवेतल्या वाहिनीइतकाच रुंद होऊ शकतो, दर काही शे मीटरला सांध्याचे हौद लागतात, वर खोल मुळांची झाडं लावता येत नाहीत. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाच्या केबलला तर स्वतःलाच 'भरत' ठेवण्यात इतका प्रवाह जातो, की मध्ये भरपाईची यंत्रणा बसवल्याशिवाय काही डझन किलोमीटरांपलीकडे जाता येत नाही. बिघाड शोधून दुरुस्त करायला दिवसांऐवजी आठवडे लागतात. ब्रिटनमधल्या अभियंत्यांच्या संस्थेने २०२५ साली काढलेल्या तुलनेत खर्च सुमारे साडेचार पट निघाला. जर्मनीने २०१५ च्या अखेरीस एकदिश (डीसी) प्रवाहाच्या मोठ्या वाहिन्या प्राधान्याने जमिनीखाली नेण्याचा कायदा केला. सुमारे ७०० किलोमीटरची झ्युडलिंक वाहिनी आधी २०२२ मध्ये सुरू व्हायची होती, आता २०२८ सांगतात. आणि केबलने माती तापेल, दबेल म्हणून शेतकरी तिच्याही विरोधात उभे राहिलेच. भूमिगत केबल शाळेशेजारी, दाट वस्तीत, माळढोकाच्या उरल्यासुरल्या माळावर जरूर घालावी. सगळीकडे घातली तर तिचं बिल गरिबालाही येतं.

त्याआधी विचारायचा प्रश्न दुसरा आहे: जुन्या टॉवरवरच नव्या तारा चालतील का? कार्बनच्या गाभ्याच्या नव्या वाहक तारा कमी झोळतात, जास्त तापमान सोसतात आणि त्याच टॉवरवरून दुप्पटीच्या जवळपास वीज नेऊ शकतात. नवी रेघच नको. पण असे पर्याय तपासले का आणि का टाकले, हे रहिवाशांच्या हाती येणाऱ्या कागदांत बहुधा नसतं. त्यात एकच मार्ग असतो, जाड लाल रंगात.

याला कायद्यांचीही साथ आहे. भारतात वाहिनी टाकणाऱ्याला मिळणारा अधिकार मुळात १८८५ च्या तार कायद्यातला, तारयंत्राच्या खांबांसाठी लिहिलेला. खांब रोवायचा, तार न्यायची, नुकसान झालं तर भरपाई द्यायची. जमीन घ्यायची नाही, म्हणून संमतीही तितकी लागत नाही. तोच अधिकार ७६५ केव्हीच्या टॉवरला आला. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई सांगितली, ही आधीपेक्षा मोठी मजल आहे. पण ती एकदाच. आणि पट्ट्याच्या दोरीबाहेर दहा मीटरवर ज्याचं घर आहे, त्याला काय?

म्हणून भरपाईपेक्षा भाडं मला योग्य वाटतं. ब्रिटनमध्ये जमीनमालकाला एकरकमी पैसे किंवा दरवर्षीची रक्कम, असे दोन्ही प्रकार रूढ आहेत. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या किंवा वाढवलेल्या वाहिनीपासून ५०० मीटरच्या आतल्या घरांना विजेच्या बिलात वर्षाला २५० पौंडांपर्यंत, दहा वर्षं, सूट देण्याचं जाहीर केलं. रक्कम फार नाही, पण तिच्यामागचं तत्त्व मोठं आहे: ज्याच्या जमिनीवर टॉवर नाही पण ज्याच्या खिडकीत तो आहे, त्यालाही देणं लागतं. दहाच वर्षं का, हा प्रश्न उरतो. वाहिन्या दहा वर्षं जगत नाहीत. २०१८ साली कॅलिफोर्नियात ८५ जणांचा जीव घेणारी आग लागली ती एका टॉवरवरचा झिजलेला लोखंडी आकडा तुटून. ती वाहिनी १९२१ ची होती. शंभर वर्षं शेजारी राहणाऱ्या गोष्टीचा व्यवहार एका धनादेशावर मिटवायचा, आणि नातवाने विचारलं तर आजोबांची सही दाखवायची, हा न्याय झाला का? वर्षाचं भाडं चालू राहिलं तर वाहिनीची देखभाल कोण करतं, झाडं कधी छाटतात, आवाज का वाढला, हे विचारायला दरवर्षी एक दारही उघडं राहतं.

लोकांना आधी विचारत बसलं तर दशकं जातील, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. नॉर्वेत हार्डांगर फ्योर्ड या खाडीच्या परिसरातल्या वाहिनीला २०१० मध्ये मंजुरी मिळाली. देशभर इतका ओरडा झाला की मंजुरीनंतर सरकारला समुद्राखालच्या केबलचा पर्याय तपासायला तज्ज्ञांच्या समित्या नेमाव्या लागल्या. २०११ मध्ये पुन्हा टॉवरच कायम झाले. उत्तर कदाचित आधीही हेच आलं असतं. पण तेच समितीचं काम मंजुरीआधी झालं असतं तर लोकांसमोर दोन पर्याय असते, नंतर झालं म्हणून फक्त एक समजूत राहिली.

आणि घाईने वेळ वाचतो हेही खरं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातल्या कोळसा वीजकेंद्रातून मिनेसोटात ४०० केव्हीची एकदिश वाहिनी न्यायची ठरली. शेतकऱ्यांनी सुनावण्या केल्या, कोर्टात गेले, ट्रॅक्टर आडवे घातले. १९७८ च्या जानेवारीत सर्वेक्षकांच्या संरक्षणासाठी राज्याला दोनशेहून अधिक पोलिस बर्फात उभे करावे लागले. त्यानंतर रात्री टॉवरच्या पायाचे बोल्ट सैल होऊ लागले. डझनाहून अधिक टॉवर आडवे झाले. कुणी केलं विचारलं तर त्या भागातली माणसं सांगत, बोल्टाला कीड लागली. वाहिनी आजही चालू आहे.